खाडीवरच्या कमानीपुलावरची हाक

भूतबित, देवचार वगैरे मी मानत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, टेपने मोजता येतं तेवढंच खरं धरतो. म्हणून लिहायला लाज वाटतेय… पण लिहितो.

मालवण तालुक्यात आमच्या गावच्या खाडीवर चिऱ्याचा जुना कमानीपूल होता. काठाने दगडी वाट. ओहोटीला पाणी उतरलं की होडीचं मशीन चालत नाही, मग एकाने त्या वाटेने चालत दोरीने होडी ओढायची. पण बांधणाऱ्याने वाट कमानीखालून नेलीच नाही, पुलापाशीच संपवली! त्यामुळे ओढणाऱ्याने दोरी सोडून पुलावर चढायचं, खालून होडीतल्याने "धर रे!" ओरडत दोरी वर फेकायची, वरच्याने ती धरून होडी कमानीतून पलीकडे ओढायची. पिढ्यान्‌पिढ्या ती घासून कठड्याच्या दगडात बोटभर खाचा पडल्या होत्या.

होडीत दादा, पुलावर मी — हे आमचं ठरलेलं. तीन वर्षांपूर्वी मी कामासाठी कणकवलीला होतो, दादा एकटाच गेला. होडी कमानीखाली उलटी सापडली. दादा नाही. वयनी अजून वाट बघत होती.

गेल्या वर्षी तो पूल पाडायचं घाटू लागलं आणि मोजणीचं काम नेमकं माझ्याकडे आलं. भर दुपारी एकटाच खाचांची खोली घेत होतो. खालून आवाज आला — "धर रे, बाबल्या!" मला बाबल्या फक्त दादा म्हणायचा. ओली काथ्याची दोरी कठड्यावर येऊन पडली. माझ्या पायाजवळ… मी बघत राहिलो. ती हळूहळू खाली घसरत गेली. वाकून पाहिलं तर खाली नुसतं पाणी. दगडातली खाच मात्र ओली होती.

संध्याकाळी वयनीला सांगितलं. ती रडली नाही.

"भावजी, दोरी धरली काय नाय?"

"नाय, वयनी. हातच उठलो नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी पुलावर जाऊन उभी राहायची. काहीच झालं नाही. आठवड्याने जेसीबी आला. पूल पाडा म्हणणाऱ्या रिपोर्टवर सही माझीच होती.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. उन्हाचा भास म्हणा, अपराधी मन म्हणा, मी वाद घालणार नाही. पण शेवटचा चिरा ट्रकात पडला तेव्हा वयनी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता तेका कोण धरतलो?"