जठारपेठेतला कॅनडा

जठारपेठेत भाजीची गाडी लावणारा तो माणूस तोंडावरचा दुपट्टा कधीच सोडत नसे. अकोल्याच्या उन्हाळ्यात सगळेच तोंड बांधून फिरतात. पण भर पावसातही तेच पाहून मी विचारलं, "भाऊ, आता काहून तोंड बांधलं?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मी सध्या कॅनडात राह्यतो."

भातकुलीकडच्या त्याच्या गावानं कामाचं परमिट येण्याआधीच त्याचा सत्कार उरकला होता. शाल, नारळ, डीजे, चौकात हा एवढा फ्लेक्स. परमिट तेवढं आलं नाही.

"मेडिकल करा, तं पोलिसाचा दाखला शिळा होते. दाखला नवा काढा, तं मेडिकल शिळं," कोथिंबिरीच्या, म्हणजे त्याच्या भाषेत सांभाराच्या, जुडीवरचं पावसाचं पाणी झटकत तो म्हणाला. "कागद हाय का सांभार?"

"मग गावी परत जा ना."

"कसा जाऊ? फ्लेक्स अजून तसाच हाय."

तेवढ्यात फोन वाजला. मला हातानं गप्प करून तो म्हणाला, "हो माय, झोपलोच होतो. इथं रात्र हाय." नेमकं तेव्हाच एका गाईनं पालकात तोंड घातलं. "हाट्!" तो ओरडला, आणि लगेच सावरून घेत म्हणाला, "काही नाही माय, कॅनडातबी गाई असतात."

मायचं ऐकून झाल्यावर तो फोन खिशात ठेवून गाडीच्या दांडीवर टेकला. गाय निवांत पालक खात होती.

"काय म्हणाली माय?"

"म्हनते, वला दुपट्टा तोंडाले बांधू नको, सर्दी होईन."