शालूची जोडीदारीण

वैजापूर तालुक्यातला मुंजाबा दुष्काळात मेंढरं विकून बायको-पोरीला घेऊन औरंगाबादला आला आणि बीड बायपासला एका इमारतीचा वॉचमन झाला. इमारत अजून उभी राहायची होती. तोवर तिच्या सळया आणि सिमेंट राखायचं होतं. गावात माणसांना टँकर आला तर यायचा. इथं स्लॅबला रोज पाणी मारायचे. ‘सिमिटाला तहान लई,’ एवढंच मुंजाबा म्हणायचा. सरकारबद्दल त्याची तक्रार नव्हती. सरकारचीही त्याच्याबद्दल नव्हती.

त्याची काळजी वेगळीच होती. चौथीतल्या शालूचं पोट रोज सकाळी दुखायचं. रविवारी ठणठणीत. बायको बानाबाईनं ओवा दिला, दृष्ट काढली, शेवटी पोरीला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. बाप मेंढरं राखायचा हे वर्गाला कळलं होतं. वर्गात रामेश्वर नावाचा एक पोरगा होता. वयानं लहान, पण पुढारीपणाची सगळी लक्षणं अंगात: स्वतः कमी ओरडायचा, इतरांना ओरडायला लावायचा. शालू दारात आली की सगळा वर्ग ‘बेंऽऽ’ करायचा. कधी तिच्या दप्तरात पाला कोंबायचे. “खा, दुष्काळ हाय!”

मुंजाबानं आधी काठी शोधली.

“अवो, लेकराला मारायला निगाले का?” बानाबाई म्हणाली. “उद्या त्याचा बाप येईल काठी घिऊन. मंग बसा दोघं वर्गात.”

काठी कोपऱ्यात गेली आणि मुंजाबानं आयुष्यभराची विद्या बाहेर काढली. कळपात नवी मेंढी आली की थोडे दिवस कडेला ठेवायची. कळप हुंगतो, ढुशा देतो, वास ओळखीचा झाला की गप बसतो. “भिंतीकडंला बस,” त्यानं पोरीला सांगितलं. “कुणाकडं बघू नको. त्यांना सवय होईल.”

सवय झाली. भिंतीकडंला एकटी बसलेली मुलगी गाठायला किती सोयीची असते, याची रामेश्वरला सवय झाली. एके दिवशी शालू दप्तराशिवाय घरी आली. दप्तर शाळेमागच्या चिखलात पडलं होतं.

“मी आता शाळेत जाणार नाय. मला गावाकडं आत्याजवळ ठिवा.”

ती रडत नव्हती, तेच मुंजाबाला भारी पडलं. गावाकडं गेली की शाळा सुटणार. आणि एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरलेला माणूस त्याच्या घराण्यात अजून झाला नव्हता.

“माझंच चुकलं,” तो बायकोला म्हणाला.

“चुकलंच की. लासूरच्या बाजारातून एकटी मेंढी कधी आणली तुमी? जोडी आणायचे. एकटी आली की ती चरत नाय अन् कळप तिला सोडत नाय. मंग पोरीलाच एकटी कशी बसवली?”

मुंजाबानं पोरीला जवळ बोलावलं. त्यानं शालूला विचारलं, “तुझ्यावाणी आणखी कोण हाय गं वर्गात?”

“सरिता. ती बोलताना अडखळती. पोरं म्हणत्यात, गाडी लेट हाय.”

“तू म्हणली का कधी?”

शालू पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. “एकदाच.”

“मंग उद्या आधी तिला सांग, माझं चुकलं म्हणून. मी बाईंना भेटतो.”

वर्गाच्या सत्यशीलाबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. “दोघी इतक्या शांत असतात, मला वाटलं मजेत आहेत,” त्या म्हणाल्या. त्यांनी दोघींना दुसऱ्या बाकावर शेजारी बसवलं, रामेश्वरच्या वडिलांना बोलावणं धाडलं, आणि मधल्या सुट्टीतला चहा मैदानात उभं राहून प्यायला सुरुवात केली.

चहाचा गुण लवकर आला. “अप्पा, रामेश्वरनं आज बें केलं, लई हळू,” शालू घरात शिरता शिरता सांगू लागली. “तर सरिता म्हणली, मो-मो-मोठ्यानं कर, बाईंना ऐकू येत नाय. अन् बाई मागंच!”

रामेश्वर काही संत झाला नाही. पण पोरं त्याच्यामागून ओरडेनाशी झाली, आणि एकट्यानं बें करण्यात पुढारीपण उरत नाही.

दिवाळीनंतर एकदा शालू तणतणत आली. “सरिताशी माझी कट्टी हाय!”

मुंजाबा सळया मोजायचा थांबला. “काय केलं गं तिनं?”

“चिंच एकटीनंच खाल्ली.”

“मंग... उद्या शाळेत जायचं नाय?”

शालूनं बापाकडं कीव आल्यासारखं बघितलं. “जाणार की! नाय गेले तर तिला कळंल कसं, कट्टी हाय म्हणून?”

मुंजाबा सळयांच्या ढिगावर बसला आणि असा हसला, की काय झालं म्हणून बानाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.