सरकत्या जिन्यावरचा एक ठोका

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसते... आता तुम्ही माझ्यावर हसा. सार्वजनिक इमारतींमधले सरकते जिने सुरक्षित आहेत का, हे तपासणं माझं काम. फटी मोजायच्या, हातपट्ट्याचा वेग मोजायचा आणि मोजता येतं तेवढंच लिहायचं.

माझे बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत हॉलेज चालवायचे, म्हणजे कोळशाचे डबे दोरानं ओढणारं यंत्र. खालून घंटेचा एक ठोका आला की यंत्र थांबवायचं. ही खाणीची रीत बाबांनी घरातही आणली होती. आम्ही बहिणी भांडायला लागलो की ते पितळी गडव्यावर, म्हणजे तांब्यावर, चमचा वाजवायचे... टण्ण! एकदाच. की आम्ही जिथल्या तिथे. एकीच्या हातात दुसरीची वेणी तशीच राहायची, आईचं लाटणंही थांबायचं, आणि मग सगळेच हसत सुटायचो. "पयले थांबा. ठोका कोनं देल्ला, काऊन देल्ला, ते मंग इचारा," बाबा म्हणायचे. काय घर होतं ते! बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. चंद्रपुरातलं एक बाजार संकुल, सकाळी दहाची वेळ. जिन्याची तपासणी आटोपली होती, सगळं ठीक होतं. तिथली देखभाल करणारे देवराव भाऊ सहीचा कागद घेऊन उभे होते. त्यांनी लोकांना अडवणारी साखळी काढली. सगळ्यात पुढे एटापल्लीकडून आलेल्या पाच बाया, एकमेकींचे हात घट्ट धरून. असा जिना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. हसत होत्या, एकमेकींना पुढे ढकलत होत्या. पुढच्या म्हातारीनं तर चपला काढून हातात घेतल्या.

मी कागदावर पेन टेकवलं आणि... टण्ण!

एकच ठोका. माझ्या हातानं मला न विचारता जिना थांबवायचं लाल बटण दाबलं.

"काऊन बंद केला म्याडम?" देवराव भाऊ वैतागले.

"घंटा वाजली ना भाऊ."

"कुठी? इथी घंटाच नाई!"

मी ओशाळले. पण म्हातारीनं उचललेला पाय मागे घेतला होता – मी बटण दाबायच्या आधी. मी तिला विचारलं.

"घंटी वाजली ना बाई," ती अडखळत म्हणाली. तिच्या सोबतच्या चौघींनी काहीच ऐकलं नव्हतं.

निदान लाज झाकावी म्हणून मी जिन्याखालचं झाकण उघडायला लावलं. खरं तर ते आधीच उघडायला हवं होतं. घाईत राहिलं, ती चूक माझीच. जिना हळूहळू फिरवला, तर एका पायरीखालचं चाक निखळत आलेलं! रिकाम्या पायरीवर काही कळत नव्हतं. माणसाचं वजन पडलं असतं तर पायरी आत कलली असती, म्हातारीच्या अनवाणी पायासकट. 

ते चाकच लोखंडावर आदळलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग सगळ्यांना दूर करून जिना रिकामा चार फेऱ्या फिरवला. थोडी खरखर आली. ठोका नाही.

रविवारी भद्रावतीला आईकडे गेले. ती सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला बरं वाटेल म्हणून सगळं सांगितलं.  आई सूप बाजूला सारून म्हणाली, "तुले आयकू आलं... त्या बाईले आयकू आलं. सहा वर्षं झाली, मी इथी एकटी कान देऊन बसते. मंग मले काऊन नाई?"

मी सूप ओढून घेतलं आणि शेंगा सोलत बसले. त्या ठोक्याचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.