सुनंदाचा अनवाणी नवस

फोन आला तेव्हा माझी ओपीडी चालू होती. "मावशी, आई गेली," एवढंच सुनंदाची मुलगी मुक्ता बोलू शकली... समोरच्या आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा तसाच राहिला. नवीन जालन्यात वीस वर्षं दवाखाना चालवणारी डॉ. सुनंदा, होस्टेलमधली माझी रूम पार्टनर, हृदयविकाराने गेली. महिना होत आला, तरी मी तिच्यावर रागावलेलीच आहे.

रागवायची सवय तशी जुनी. ती अंकुशनगरची, साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी. तिच्या उशाशी देवीचा फोटो. मी अंतरवाली सराटीकडच्या बौद्ध घरातली; आमच्याकडे नवस-सायास कुणी करत नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी अॅनाटॉमीत नापास झाले आणि ती पुढे गेली. मी जेवण सोडलं, दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. फेरपरीक्षा द्यायचीच नाही, घरी जायचं, असं ठरवून ट्रंकही भरली होती.

अशात एकदा लक्षात आलं, ही कॉलेजला अनवाणी जाते. सलवारच्या घोळाखाली कुणाला दिसत नसे. विचारलं तर म्हणाली, "अंबडच्या देवीला बोललेय. तू पास व्हईपर्यंत पायात काही घालणार न्हाई."

"मला न विचारता? ही अंधश्रद्धा घेऊन डॉक्टर होणार तू?" आणखीही बरंच बोलले, लागेल असं.

"देवी माझी, पाय माझे. संगे, तुझं काय जातंय?"

आठवडाभरात वॉर्डात कुणाला तरी टोचलेली सुई तिच्या टाचेत घुसली. संसर्ग होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोटात अन्न ठरेना. तिचं करणार कोण? मी उठले. कित्येक दिवसांनी अंघोळ केली, मेसमधून वरण-भात आणला, घड्याळ लावून तिला गोळ्या दिल्या.

"उठलीस ना? देवीनं ऐकलं," ती पडल्यापडल्या म्हणाली.

"देवीनं नाही, सुईनं." दोघी हसलो, आणि मग ती रडायलाच लागली.

"मी चप्पल घालते, देवीला समजावते. पण तू मानसोपचारच्या मॅडमकडं चल. सगळंच देवीवर टाकून चालत न्हाई, एवढं मलाबी कळतंय."

गेले. मलाही गोळ्या लागल्या, बोलणं लागलं. फेरपरीक्षेत पास झाले. पण 'अंधश्रद्धा' हा शब्द मी तिच्यापाशी कधी मागे घेतला नाही. माझ्यासाठी कुणीतरी पाय भाजून घेतंय, या जाणिवेनेच मी तगले, हेही सांगायचं राहून गेलं. याची फार खंत वाटते.

परवा तिच्या घरी गेले. मुक्ता चहा करत होती. मी देवघरासमोर बसले. तिच्या देवांना काय म्हणतात, मला येत नाही. मला येतं ते बुद्धवंदनेतलं त्रिशरण, तेच हळू आवाजात म्हणू लागले. मुक्ता येऊन शेजारी बसली आणि न अडखळता माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हणाली.

"तुला कसं येतं गं?"

"आई रोज पूजा झाली की म्हणायची. सांगायची, संगी म्हणत असंल-नसंल, तिच्या वाट्याचं मी म्हणून ठेवते."