लुगडं जुनं करायचंय

शेंद्र्याच्या सारजाबाईनं आयुष्यात एकच मोठी चूक केली, असं ती स्वतःच सांगते. लुगडी धुवायला जड पडतात म्हणून ती गोल साडीवर आली आणि होती नव्हती ती सगळी लुगडी बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेऊन बसली. पातेलंही असलं, की त्यात दूध हमखास करपतं.

नातसून श्रेयाला पाचवा महिना लागला, तशी म्हातारीला घोर लागला. त्यांच्या घरात बाळाला पहिलं कापड म्हातारीच्या वापरलेल्या लुगड्याचं. नवं चालत नाही. आणि आता घरात सुती चिंधीसुद्धा नव्हती.

"आज्जी, दुपटी मोबाइलवरून मागवू ना. मऊ असतात," श्रेया म्हणाली.

"असतील. पण कुणी नेसलेली असतात का?"

शेवटी नातू सुदर्शननं कंपनीच्या सुट्टीला तिला मोटारसायकलवर शहरात, गुलमंडीच्या बाजारात नेलं. पूर्वी दिवाळीआधी नवरा कडुबा तिला एसटीनं इथंच आणायचा. कडुबा मोठा संशयी! काठ थुंकीनं ओला करून रंग जातो का बघायचा, अन् दुकानदार ओरडायचा, "अहो, खाताय का नेताय?"

आता दुकानात त्या दुकानदाराचा मुलगा. "मावशी, सुती नऊवारी कोण नेसतं आता?" म्हणत त्यानं वरच्या फळीवरून एक हिरवं लुगडं काढलं. घडीवर पिवळी रेघ पडलेली. सारजाबाईनं बोट ओलं करून काठावर घासलं.

"आज्जी, लोकं बघू राह्यले!"

"बघू दे. तुझा आजा असंच करायचा."

मग रोज तेच लुगडं. रात्री दांडीवर वाळत घालायचं, सकाळी पुन्हा नेसायचं. मशीन बाजूला ठेवून ती दगडावर आपटायची. शेतात गेली तरी तेच, लग्नाला गेली तरी तेच. लोक हसले. कांजी गेली, हिरवा रंग निवळला, गुडघ्यावर कापड आधी मऊ झालं. कासोटा घालताना तिला वाटायचं, कडुबा आत्ता दारातून हाक मारील, "आटप, गाडी जाईल!"

नवव्या महिन्यात श्रेयानं पदर गालाला लावला. "आज्जी, झालं. फाडू या."

सारजाबाईचा हात थबकला. आता कुठं ते तिचं झालं होतं.

"राहू द्यायचं का?" श्रेयानं हळूच विचारलं.

"खुळी का काय? धर तिकडून." म्हातारीनं टोक ओढलं. कापड जराही अडलं नाही. "काठ तेवढा मला ठेव."