वायरमनचं स्पॅनिश

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. दारावर जरा जोरात थाप पडली तरी मी देवाचं नाव घेते. पण मला अशी केली कुणी? बत्तीस वर्षं विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाशी संसार करा, मग बोला. वादळ सुटलं की सगळं जग घरात शिरायचं आणि आमचे हे शिडी घेऊन बाहेर पडायचे. मी खिडकीशी बसून राहायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, माझं चिंतून झालं की वैऱ्याला करायला काही उरायचंच नाही.

यांना सगळे वायरमनच म्हणतात, अगदी नातेवाईकसुद्धा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, शिडी माळ्यावर गेली, पण नाव काही उतरलं नाही. आणि नावाबरोबर कामाची ती पद्धतही घरात राहिली.

पद्धत अशी. एकजण खांबावर, एकजण खाली स्विचपाशी. वरचा ओरडणार, "बंद कर." खालच्याने लगेच हात लावायचा नाही. आधी तेच परत म्हणायचं, "बंद करतो." मग वरचा म्हणणार, "हो." तो "हो" कानावर पडेपर्यंत खालच्याने बोटसुद्धा हलवायचं नाही. एकदा यांच्या जोडीदाराने विचारलं नाही, कुणी परत म्हटलं नाही, "झालं असेल बंद" म्हणून त्याने तार हातात घेतली. त्याच्या बायकोला सांगायला हेच गेले होते. तिथून घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी जेवायला बसले ते हा नियम घेऊनच. "मीठ दे." "मीठ देते." "हो." झालं, तेव्हापासून आमच्याकडे मीठसुद्धा असंच वाढलं जातं. नणंद म्हणायची, "वहिनी, तुमच्याकडे पानावर बसलं की वाटतं, आता कुणाला तरी शॉक बसणार."

आमची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात. जावई तिथलाच. माणूस सज्जन, पण बोलायची सोय नाही. फोनवर तो हसतो, मी हसते, दोघांचे गाल दुखून येतात. त्यांना मुलगी झाली, आम्ही तिला चिमणी म्हणतो. लेक म्हणाली होती, हिला दोन्ही भाषा येतील. मग लेक नोकरीला लागली, चिमणी पाळणाघरात गेली, आणि चार वर्षांची होईपर्यंत तिच्या तोंडात आपले दोनच शब्द उरले, आजी आणि आजोबा. मी लेकीला नाही नाही ते बोलले. "आम्ही काय नातीशी मुक्यासारख्या खुणा करायच्या?" ती म्हणाली, "आई, संध्याकाळी घरी येते तेव्हा मला माझंच नाव आठवत नसतं गं." मी रागाने फोन ठेवून दिला.

हे बाजूलाच बसले होते. म्हणाले, "तिला येत नाही ना? मग आपण शिकू."

"एकसष्टाव्या वर्षी?"

"मग काय सत्तराव्या वर्षी शिकू?"

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत शिकवणी होती. मास्तरीण आमच्या लेकीहूनही लहान. यांनी पहिल्याच दिवशी खांब किती उंच आहे असं विचारावं तसं विचारलं, "मॅडम, मोठ्या माणसाला किती वेळ लागतो?" ती म्हणाली, "काका, रोज एक तास धरला तर दोनेक वर्षांत बऱ्यापैकी बोलता येईल. तुम्हाला थोडं जास्त लागेल." घरी येऊन यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने एक रेघ ओढली. एक तास, एक रेघ. मग घरभर चिठ्ठ्या चिकटल्या. दाराला पुएर्ता, खुर्चीला सिया. माझ्या चष्म्याच्या डबीलाही काहीतरी चिकटवलं होतं, ते मी काढून फेकलं.

मला वाटायचं, हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वर्गातली पोरं 'तुझे डोळे सुंदर आहेत' म्हणायला शिकली. आमचे हे काय शिकले? आपागा म्हणजे बंद कर. एस्पेरा म्हणजे थांब. आण, ठेव, चढ, उतर, उघड. जन्मभर जे खांबावरून ओरडले तेच स्पॅनिशमध्ये. लेक हसायची, "बाबा, तुम्ही बोलताय की फर्मान काढताय? विचारा ना तिला, आज कुणाशी खेळलीस." यांचं तोंड एवढंसं व्हायचं. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असायचा, चिमणी तर पहिल्या दोन रविवारी घाबरून आईच्या मागेच लपली.

तिसऱ्या रविवारी यांनी तिला तो नियम शिकवला. आजोबा म्हणणार, "दिवा, आपागा." चिमणीने ते परत म्हणायचं. आजोबा म्हणणार, "सी," म्हणजे हो. मगच तिने बटण दाबायचं. 'सी'च्या आधी हात लागला तर डाव पहिल्यापासून. काय रमली ती! बटणापाशी बोट धरून, श्वास रोखून 'सी'ची वाट बघायची. तेव्हापासून दर रविवारी तिच्या घरातले दिवे बंद-चालू. मी म्हणायची, "अहो, लळा लावताय की पोरीला वीजखात्यात भरती करताय?" बोलायची हसून, पण मनात वेगळीच भीती होती. या दोघांचं एक जग झालं होतं आणि मी कडेला बसून हात हलवत होते. मला एक 'सी' सोडून काही येत नव्हतं. शिकायचीही भीती वाटायची. नाही जमलं तर?

त्या रविवारी चारशे सदतीस रेघा झाल्या होत्या. आमची संध्याकाळ, त्यांची दुपार. जावई कामासाठी दोन दिवस परगावी गेलेला. लेकीने फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला होता आणि ती स्वयंपाक करता करता आमच्याशी बोलत होती. गॅसवर कढईत तेल तापत होतं. वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला ती स्टुलावर चढली. "बाबा, पुढच्या महिन्यात आम्ही तिकीट..." एवढं म्हणाली आणि स्टूल सरकलं.

ओट्याच्या कडेवर डोकं आपटल्याचा आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मग फोनमध्ये नुसते तिचे पाय दिसत होते आणि वर ती पेटलेली शेगडी.

मी किंचाळले. "अगं ऊठ! ऊठ ना गं बाई!" हजारो मैलांवरून ओरडतेय, आणि ज्या लेकीला ओरडतेय तिला ऐकू येत नाहीये. तेवढ्यात आतल्या खोलीतून चिमणी धावत आली. आईला हलवायला लागली, "मामा, मामा." तिकडे आईलाच मामा म्हणतात. तिने हात वर घेतला तर बोटं लाल. पोरगी भोकाड पसरून उठली आणि शेगडीच्या बाजूला सरकली. कढईतून धूर निघायला लागला होता.

"एस्पेरा!" हे गरजले.

चिमणी जागच्या जागी थांबली. यांनी शेगडीकडे बोट दाखवलं. "आपागा. चिमणी, आपागा."

ती हुंदके देत शेगडीपाशी आली. खालच्या बटणाकडे हात नेला. ते परत म्हणाली, जसं शिकवलं होतं तसं. आणि थांबली.

'सी'ची वाट बघत थांबली हो! हात बटणापासून दोन बोटांवर, डोळे फोनकडे, वर धुराचा लोट. मी यांच्याकडे बघितलं. यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. बत्तीस वर्षांत ज्यांची कधी दातखीळ बसली नाही, त्यांची त्या क्षणाला बसली. नंतर म्हणाले, मला समोर तो जोडीदार दिसत होता, तार हातात घेतलेला. आणि पोरगी तर यांचीच नात, 'सी' म्हटल्याशिवाय कढई पेटली असती तरी हलली नसती.

"सी!" मी ओरडले. "सी, सी, सी!"

तिने बटण फिरवलं. जाळ गेला.

मग यांना कंठ फुटला. आता ते थांबेनात. खुर्ची आण, सिया. तिने परत म्हटलं. सी. दारापाशी ठेव. सी. चढ. सी. ती फोनमधून दिसेनाशी झाली, नुसता खुर्ची ओढल्याचा आवाज, मग वरच्या कडीचा. "आब्रे ला पुएर्ता!" दार उघड! लांबून तिचा आवाज आला, तेच परत म्हणणारा. सी. समोरच्या बाईंचं दार वाजव. सी. आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून ती इवलीशी थाप ऐकत होतो. थाप, थाप, थाप. कुणी दार उघडलं नाही.

चिमणी परत फोनपाशी आली. हे उठले. "मी आत जाऊन तुझ्या फोनवरून जावयाला लावतो, तो तिकडून माणसं पाठवेल. तू हिला धरून ठेव. आईला ओढायला गेली तर मान दुखावेल. बोलत राहा."

"अहो, मला येत नाही!"

"ती म्हणेल तेच म्हण," म्हणाले आणि गेले.

चिमणीने फोन दोन्ही हातांत उचलला. तिचं नाक, ओले गाल, एवढंच दिसत होतं. ती म्हणाली, "नो ते वायास."

मला ओ का ठो कळलं नाही. मी म्हणाले, "नो ते वायास."

ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हणाले. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही, वादळातसुद्धा नाही. ती विचारत होती का काही? आईचा श्वास बंद झाला असं सांगत होती का? आणि मी मूर्खासारखी तेच तिच्या तोंडावर परत फेकत होते? पण मी थांबले की तिचा चेहरा आईकडे वळायचा. म्हणून मी थांबलेच नाही. नो ते वायास, चिमणे. नो ते वायास. किती वेळा म्हटलं कोण जाणे. शेवटी पावलं वाजली, समोरच्या बाई ओल्या केसांनी धावत आत आल्या. अंघोळीला होत्या म्हणे, थाप ऐकली पण येईपर्यंत वेळ गेला. मग खूप आवाज, आणि फोन कुठेतरी खाली पडला. सगळं काळं झालं.

त्यानंतरचे दोन तास मी सांगत नाही. जावयाचा फोन आला तेव्हा हे उभे राहून बोलले. एकेक वाक्य ऐकायचे, तेच परत म्हणायचे, पलीकडून 'सी' आल्यावरच मला सांगायचे. "सात टाके पडले." "शुद्धीवर आलीय." "दोन दिवस ठेवून घेणार, मग घरी." माझा जीव भांड्यात पडला तो शेवटच्या 'सी'ला.

मग मी यांना विचारलं, "नो ते वायास म्हणजे काय हो?"

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "का?"

पोरगी मला म्हणत होती, जाऊ नकोस. आणि मीही तिला तेच म्हणत होते. तिच्या मागे माझी लेक पडलेली, मला दिसतही नव्हती, तिलाही नकळत तेच म्हणत होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. हे शेजारी बसून राहिले.

सकाळी मी कॅलेंडर उलटलं, यांच्या रेघांखाली जागा सोडून माझी पहिली रेघ ओढली.

"एक तास कुठे झाला तुझा?" यांनी विचारलं.

"झाला," मी म्हणाले. त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

भीती काही गेली नाही, ती जाणार नाही. किती वर्षं लागतील, तोवर मी असेन की नाही, हेही मनात येतंच. पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा मी पदराला तळहात पुसत बसले होते. लेकीच्या डोक्याला पांढरी पट्टी, पण हसत होती. चिमणीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. आजोबा सरसावून बसले, "दिवा..." पण तिने मान हलवली.

"आजी," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "नो ते वायास."

मी तेच परत म्हणाले.

तिने मला जरा वेळ तसंच ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "सी."