आप्पांच्या आवाजात केलेला फोन

सोनईच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली होती. आप्पांच्या हातात कापडदुकानाची पिशवी, पिशवीत माझे स्कॅन. तेवढ्यात डेअरीला दूध घालून शेजारचे तात्या आले. "काय आप्पा, सकाळी सकाळी कुठं?"

आप्पांनी एकदा पिशवीकडं बघितलं. "पोरगं पुन्याला कंपनीत लागलं. सोडून येतो."

तात्यांनी खुश होऊन माझ्या पाठीत थाप मारली. मानेतली गाठ कॉलरमागं गप बसून होती. अशा रीतीनं तेविसाव्या वर्षी मला नोकरी लागली. पगार नाही, सुट्टी नाही, आणि जॉईन झाल्या झाल्या सगळे केस गेले.

गावाकडच्या पोरांनो, तुम्ही तेव्हा म्हणायचा, 'पुण्याला जाऊन माजला, यात्रेलापण येत नाही.' तर यात्रेच्या दिवशी मी केमोच्या खुर्चीत होतो आणि तुम्हाला कंपनीच्या मॅनेजरचे व्हॉइस नोट पाठवत होतो. "लुक, इथं पंक्च्युअल राहावं लागतं, अंडरस्टँड?" तो मॅनेजर म्हणजे आमचे डॉक्टर. नक्कल त्यांच्या आवाजाची, डायलॉग माझे.

हॉस्पिटलात माझी एक अडचण होती. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर जिराफ, आणि मोठ्यांच्या वॉर्डात सगळे काका. माझ्या वयाचं कुणीच नाही. काका लोक रिटायरमेंटचं बोलायचे, मला अजून चालूच व्हायचं होतं. मग मी सिस्टरचा आवाज काढायचो, कँटीनवाल्याचा काढायचो. काका सलाईनचा स्टँड धरून हसायचे. "तू लई धीराचा आहेस रे," असं म्हणायचे. धीरबीर काही नव्हता. गप बसलो की पुढचा स्कॅन आठवायचा, म्हणून तोंड चालू.

हॉस्पिटलजवळच्या भाड्याच्या खोलीत आई माझ्याबरोबर राहायची. बाथरूममध्ये गेली की आधी नळ मोठा सोडायची, म्हणजे रडलेलं ऐकू येऊ नये. आप्पा जनावरांमुळं गावाकडं. त्यांचा रोज फोन. "जेवला का? बरं. ठेवतो." कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलाच नाही. 'तुझं ते' म्हणायचे. जणू माझी शाळेतली एखादी भानगड.

पण कंपनीत लागलेलं पोरगं गावात लपून राहतं का? घोडेगावकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील म्हणे रविवारी पुण्याला येणार, मुलाची खोली आणि कंपनी बघणार.

मी आईला म्हणालो, "अगं, नाही म्हणून सांग की!"

"नाही म्हनलं तर का म्हनून विचारतील. मग काय सांगू?"

माझ्या डोक्यावर एक केस नाही, भुवया गेलेल्या, आणि आई विचारतेय, पाहुण्यांना पोहे करू का शिरा.

शेवटी मीच त्यांचा नंबर घेतला आणि जिन्यात गेलो. फोन कानापासून लांब धरून आप्पांसारखा घसा खाकरला. "राम राम पाव्हणं. सोनईवरनं बोलतोय, पोराचा बाप." ठरवलं होतं, पत्रिका जुळत नाही म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.

पण माणूस भला निघाला. "पत्रिकेचं आमी मानत न्हाई ओ. पोरगं कसं हाय, तेवढं मोकळ्या मनानं सांगा."

नक्कल करताना मी एकच विचार करतो, की हा माणूस इथं काय बोलेल? आप्पा काय बोलतील? तोंडातून निघालं, "पोराला कॅन्सर झालाय, पाव्हणं. डॉक्टर म्हणत्यात बरा व्हईल. पर मला लई भ्या वाटतं ओ."

मग मी रडायला लागलो, तेपण आप्पांच्या आवाजात. आप्पांना रडताना मी कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं ते रडणं कुणाचं होतं, मला आजही सांगता येत नाही.

त्या रविवारी ते गृहस्थ पुण्याला आलेच नाहीत. सोनईला आमच्या घरी गेले. डाळिंबं घेऊन आप्पांशेजारी बसले, धीर देऊन आले. संध्याकाळी आप्पांचा फोन. 'जेवला का' नाही, काही नाही.

"पाव्हणं येऊन गेलं."

"हं."

"माझा आवाज काढलास व्हय रं?"

"हो."

"म्हने, मी रडलो."

"थोडंसंच."

मला वाटलं आता शिव्या पडणार.

"आवाज कुनाचा का आसंना," आप्पा म्हणाले. "बोलला ते खरं हाय. मला लई भ्या वाटतं. तुला?"

"मलापण."

"मग उद्या येतो. जनावरं बघंल कुनीतरी."

आले. आठवडाभर राहिले. आईचा नळ बंद झाला. तिघं एकदा बसून नीट रडलो आणि मग आईनं शिरा केला.

त्यानंतर गावाला कळलंच. तुम्ही पोरं जीप करून आलात, आधी आईवरून शिव्या दिल्यात, आणि बाळ्यानं सरळ विचारलं, "मरतो का रं तू?" मी म्हणालो, "सध्या तरी विचार न्हाई." इतकं बरं मला कुठल्या इंजेक्शननं वाटलं नव्हतं.

आता ट्रीटमेंट संपली. पुण्यातच राहिलो, आणि खरंच कंपनीत लागलो. स्वतःचा गॅस आहे, पार्किंगवरून भांडायला शेजारी आहेत. ऑफिसात मी नुसता जोकर. आजाराचं तिथं कुणाला माहीत नाही, आणि सांगायची गरजही पडत नाही.

पण स्कॅन अजून असतात. आदल्या दिवशी सोनईला फोन लावतो.

"आप्पा, उद्या स्कॅन."

"भ्या वाटतं?"

"वाटतं."

"मलाबी."

मग आम्ही दुधाच्या फॅटवर बोलतो. तुमच्यापैकी कुणी दवाखान्याची फाईल पिशवीत घालून, कोर्सला चाललो सांगून निघालं असेल, त्यानं मला विचारावं, घर कुठं आहे तुझं. मी सांगेन, जिथं माझ्या आवाजात 'वाटतं' म्हणतो आणि पलीकडचा माणूस फोन ठेवत नाही, तिथं.